नजर बसते म्हणजे काय होतें?

आपल्यापैकीं पुष्कळांच्या लहानपणच्या आठवणींत एक चित्र खास असेल. दुपारचीं जेवणें आटोपलेलीं आहेत, ओसरीवर ऊन उतरलें आहे, आणि आजी समोर सूप घेऊन तांदूळ निवडीत बसली आहे. तिचें तोंड शेजारणीशीं बोलण्यांत गुंतलेलें. पण बोटें मात्र खडा तेवढा अचूक उचलून बाजूला टाकीत आहेत. आपण जवळ जाऊन बसावें, डोळे ताणून पाहावें, आणि आपल्याला सारे दाणे सारखेच दिसावे! "घाई करूं नको. आधीं नजर बसूं दे, मग खडे आपोआप दिसतील," असें आजी म्हणे. आणि खरोखरच, चारपांच मिनिटें गेलीं कीं मघां न दिसलेला करडा खडा, साळीचा पिंवळट दाणा, एकेक करून डोळ्यांत भरूं लागे.

आतां तांदूळ बहुधा निवडलेलेच घरीं येतात आणि सूप माळ्यावर गेलें आहे. परंतु आजीच्या त्या वाक्यांत एक मोठें शास्त्रीय सत्य दडलेलें होतें. नजर बसणें म्हणजे केवळ मनाची एकाग्रता नव्हे, केवळ हाताची संवयहि नव्हे. समोरच्या रंगांशीं डोळा स्वतःला जुळवून घेतो आणि त्या जुळणीमुळें वेगळी वस्तु उठून दिसूं लागते, अशी ती क्रिया आहे. शास्त्रज्ञ तिला रंगानुकूलन म्हणतात. आज मला सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं हें अनुकूलन शोधाच्या कामीं आपला मोठा मित्र आहे. पण पारखेच्या कामीं मात्र तोच मित्र आपल्याला फसवितो. शोध कोणता आणि पारख कोणती, हा भेद ज्याला कळला त्याला आपल्या डोळ्यांचा उपयोग अधिक चांगला करतां येईल.

प्रथम एक प्रयोग सांगतों. त्याला कांहीं खर्च नाहीं. एका पांढऱ्या कागदावर कुंकवाचा रुपयाएवढा ठिपका काढा आणि त्याच्या मध्यावर अर्धा मिनिट टक लावून पाहा. मग नजर कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे न्या. भिंतीवर तेवढाच एक ठिपका तरंगतांना दिसेल. परंतु त्याचा रंग लाल नसेल, तर फिकट निळसर हिरवा असेल. भिंत तीच आहे, प्रकाशहि तोच आहे. बदलला आहे तो आपला डोळा.

हें कसें घडलें? डोळ्याच्या आंतील पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांचा आकार शंकूसारखा म्हणून त्यांना शंकुपेशी म्हणतात. त्या तीन जातींच्या आहेत. मिलिमीटरच्या दहा लक्षांशाला नॅनोमीटर म्हणतात. या मापानें एका जातीची पेशी सुमारें 560 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींना, दुसरी सुमारें 530 ला आणि तिसरी सुमारें 420 ला सर्वांत अधिक प्रतिसाद देते. या तिघींच्या प्रतिसादांची तुलना करूनच मेंदू रंग ठरवितो. कुंकवाकडे पाहात असतां पहिल्या जातीच्या पेशींवर अधिक भार पडतो, म्हणून त्या आपला प्रतिसाद थोडा उतरवून घेतात. मग पांढरा प्रकाश आला असतां त्यांचें पारडें हलकें पडतें आणि उरलेल्या दोघींचें जड होतें. हाच तो निळसर हिरवा ठिपका.

1789 सालीं फ्रेंच गणिती गास्पार मोंज यानें पॅरिस येथील विज्ञानसंस्थेपुढें अशाच जातीचें एक नवल मांडलें होतें. लाल कांचेंतून बाहेर पाहिलें, तर लाल कागद अधिकच लाल दिसावा, अशी आपली समजूत. परंतु तो पांढुरका दिसतो! सभोंवार सर्वत्र लालच प्रकाश झाला, कीं डोळा त्या लालीची वजावट करून टाकतो. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञानें या वजावटीचा नियम मांडला. तिन्ही जातींच्या पेशी आपापली संवेदनशक्ति निरनिराळी कमीअधिक करितात, असें त्याचें प्रतिपादन होतें. आज आपल्याला ठाऊक आहे, कीं जुळवून घेण्याची ही क्रिया शंकुपेशींवरच थांबत नाहीं. दृष्टीचे संदेश जेथें पोंचतात त्या मेंदूच्या भागांतहि ती चालू राहाते. तिचा कांहीं भाग निमिषांत पुरा होतो, तर कांहीं भागाला मिनिटें लागतात.

आपल्या बाजारांतील तराजूचें उदाहरण घेतलें तर हें सहज समजेल. तराजूचीं पारडीं मुळांतच समतोल नसलीं, तर दुकानदार हलक्या बाजूला पासंग बांधतो. आपला डोळाहि एक तराजू आहे. फरक इतकाच, कीं तो आपला पासंग स्वतःच बांधतो, आणि जेथें जाऊं तेथें तो बदलतो. जें सर्वत्र आहे त्याला तो शून्य मानतो आणि त्याहून जें भिन्न आहे तेवढेंच मोजतो.

आतां हा पासंग आपल्या नाशिक जिल्ह्यांत कसा बदलत असेल, तें पाहूं. श्रावणांत इगतपुरीला जा. तेथें वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहूनहि अधिक पाऊस पडतो. डोंगर हिरवे, भाताचीं खाचरें हिरवीं, कौलांवरचें शेवाळ हिरवें, आणि आभाळ राखाडी. तेथून पूर्वेकडे येवलें-नांदगांवच्या बाजूला चैत्रांत या. वाळलेलें पिंवळें गवत, तांबूस धूळ आणि वर निळें आकाश! जिल्हा एकच, परंतु डोळ्यांना मिळणाऱ्या रंगांचीं राज्यें दोन. इतकेंच काय, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उभें राहून भाद्रपद आणि फाल्गुन असे दोन महिने पाहिले, तर एकाच जागीं हीं दोन राज्यें दिसतात.

सह्याद्रीच्या या ऋतुपालटाची दखल दूरदेशींच्या संशोधकांनींहि घेतली आहे. अमेरिकेंतील नेवाडा विद्यापीठाचे मायकेल वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तिकडील सिएरा नेवाडा पर्वत आणि आपला पश्चिम घाट या दोन्ही ठिकाणचीं निसर्गदृश्यें निरनिराळ्या ऋतूंत टिपलीं, त्यांतील रंगांचें मापन केलें आणि 2007 सालीं तें प्रसिद्ध केलें. ओल्या ऋतूंत दृश्याचा सरासरी रंग हिरव्याकडे झुकतो. कोरड्या ऋतूंत तो पिंवळ्याकडे सरकतो आणि रंगांचा पसारा निळ्या-पिंवळ्याच्या रेषेवर पसरतो. म्हणजे ऋतु पालटला कीं नुसता सरासरी रंगच पालटतो असें नाहीं; रंगांच्या चढउताराची दिशाहि पालटते.

ही चढउताराची गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून थोडी उकलून सांगतों. डोळा सरासरी रंगाची वजावट करतो, हें आपण पाहिलें. पण तो त्यापुढेंहि एक पाऊल टाकतो. समोरचे रंग ज्या दिशेनें सारखे बदलत असतात, त्या दिशेचे फरक तो मवाळ करून टाकतो. कोरड्या माळावर निळ्या-पिंवळ्याचे फरक पदोपदीं भेटतात, म्हणून ते फिके पडूं लागतात; त्या रेषेबाहेरचा एखादा हिरवा झुडुपाचा पुंजका मात्र लक्ष वेधून घेतो. पिठाच्या गिरणींत काम करणाऱ्या माणसाला गिरणीची घरघर ऐकूं येईनाशी होते. परंतु पट्टा थोडा जरी सरकला, तरी त्याचे कान टवकारतात. डोळ्याचेंहि तसेंच आहे.

यावरून शोधाविषयीं जें अनुमान निघतें, त्याची परीक्षा काइल मॅकडर्मॉट, वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2010 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत केली. पडद्यावर नाना रंगांच्या ठिपक्यांची दाट गर्दी दाखवावयाची, आणि त्या गर्दींत वेगळ्या रंगाची एक आकृति लपवून ती शोधावयास सांगावयाची, असा तो प्रयोग होता. मात्र शोधापूर्वीं पाहाणाऱ्याचे डोळे विशिष्ट रंगांच्या पसाऱ्याला सरावूं दिले जात. ज्या पसाऱ्याला डोळे सरावले त्याच पसाऱ्यांत शोध असला, तर वस्तु लवकर सांपडे. आडव्या दिशेच्या भलत्याच पसाऱ्याला डोळे सरावलेले असले, तर वेळ अधिक लागे. निसर्गांतील एकांगी रंगछटांचे पसारे घेऊन पाहिलें, तेव्हांहि हाच अनुभव आला.

येथें एक शंका सहज येईल. हा नुसत्या संवयीचा परिणाम कशावरून नव्हे? ओळखीच्या पार्श्वभूमीवर कोठें पाहावें हें माणूस शिकत असेल! संशोधकांनाहि ही शंका सुचली होती. म्हणून त्यांनीं शोध चालूं असतां डोळ्यांच्या हालचाली तपासल्या आणि इतरहि पडताळे घेतले. या लाभाचा उलगडा केवळ शिकण्यानें किंवा शोधण्याच्या बदललेल्या रीतीनें होत नाहीं. वस्तु आणि तिची पार्श्वभूमि यांचें उठून दिसणेंच कमीअधिक झालें, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. आमची आजी हेंच एका वाक्यांत सांगत असे. तिच्या हातांत वर्षांचा सराव होता, यांत शंका नाहीं; पण आम्हां पोरांच्याहि डोळ्यांना चारपांच मिनिटांत जो लाभ होई, तो डोळ्यांच्या या जुळणीचा असला पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या खोलींत पांढऱ्या कापडांऐवजीं हिरवीं वा निळसर कापडें असतात, त्यामागेंहि या विचाराचा धागा आहे. 1914 सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील हॅरी शर्मन या शल्यवैद्यानें पांढऱ्याची तिरीप टाळण्यासाठीं पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग स्वीकारला. रक्ताच्या लालीवर खिळलेली नजर पांढऱ्या कापडावर गेली, कीं तेथें हिरवट छाया नाचूं लागतात. हिरव्या कापडावर त्या जाणवत नाहींत, आणि नजर परत जखमेकडे आली कीं लालीचे बारीक भेद पुन्हां स्पष्ट दिसतात.

येथवर डोळ्याची स्तुति झाली. आतां दुसरी बाजू पाहूं. कारण कित्येकांच्या पोटापाण्याचा प्रश्न तिच्याशीं निगडित आहे.

नाशिकचीं द्राक्षें परदेशीं जातात, हें आपण जाणतांच. हिरव्या बिनबियांच्या द्राक्षांना, विशेषतः थॉम्सन जातीला, कडक थंडीच्या दिवसांत एक व्याधि जडते. रात्रीं गारठा आणि दिवसां ऊन असें झालें, कीं हिरव्या मण्यांवर गुलाबी झांक येते. बागाईतदार तिला पिंक बेरी या नांवानेंच ओळखतात, आणि ती टळावी म्हणून घडांभोंवतीं वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात. परदेशचें गिऱ्हाईक असे गुलाबी मणी पत्करीत नाहीं. म्हणून पेट्या भरतांना बायका हातांत कात्री घेऊन एकेक घड तपासतात आणि गुलाबी मणी छाटून टाकतात.

माझ्या परिचयाच्या एका बागाईतदाराकडे घडलेली गोष्ट आहे. थंडी पडून गेली होती आणि माल बराचसा गुलाबी झाला होता. सकाळीं भरलेल्या पेट्या निर्मळ होत्या. संध्याकाळीं भरलेल्या पेट्या दुसऱ्या दिवशीं उजाडतांच उघडल्या, तों त्यांत गुलाबी मणी डोकावत होते. मालक संतापला, बायकांनीं हयगय केली असें ठरवून मजुरी कापण्याची भाषा बोलूं लागला. एक प्रौढ बाई पुढें होऊन म्हणाली, "मालक, आम्हीं डोळ्यांत तेल घालून काम केलें. काल तो मणी आम्हांला हिरवाच दिसला!"

ती बाई खोटें बोलत नव्हती, असें मला वाटतें. सकाळीं तिचा डोळा निखळ हिरव्याला सरावलेला होता. हिरवा हाच शून्य, म्हणून किंचित् गुलाबीहि ठळक दिसे. हा झाला शोध. परंतु दिवसभर हिरवा-गुलाबी, हिरवा-गुलाबी असाच माल हातांखालून गेला. सरासरी हळूहळू गुलाबीकडे सरकली आणि हिरव्या-गुलाबीचे फरक नित्याचे झाले. डोळ्यानें पासंग बदलला. संध्याकाळच्या दिव्यांचा उजेड आणि अंगाचा शीण यांचाहि हिस्सा त्यांत असेल; मी तो नाकारीत नाहीं. पण सर्व दोष माणसाच्या कामचुकारपणाचा धरणें हा अन्याय आहे. पुढें त्या मालकानें मजुरी कापली नाहीं. त्यानें टेबलापाशीं निर्मळ हिरव्या घडाचा एक नमुना ठेवला, तो दिवसांतून दोनदां बदलूं लागला, आणि थोड्याथोड्या वेळानें हात थांबवून राखाडी भिंतीकडे व बाहेर पाहाण्याची मुभा दिली. उपाय साधा आहे. पण त्यामागचें तत्त्व पक्कें आहे. पासंग बदलणाऱ्या तराजूला मधून मधून प्रमाणित वजन दाखवावें लागतें.

हाच धडा येवल्याच्या पैठणीच्या खरेदींतहि उपयोगी पडतो. लग्नाचा बस्ता बांधतांना दुकानदार एकामागून एक लाल पैठण्या उलगडीत जातो. पहिली डोळ्यांत भरते. दहावी तितकीच लाल असूनहि मळकट वाटते, आणि मग आपण गरजेपेक्षां भडक रंग उचलून घरीं येतों. दुकानदार लबाड नसतो. आपलाच डोळा लालाची वजावट करीत असतो. म्हणून शेवटचा निर्णय करण्यापूर्वीं मिनिट दोन मिनिटें दाराशीं जाऊन रस्त्याकडे पाहावें, आणि मग पहिली व शेवटची पैठणी शेजारीं शेजारीं ठेवून दिवसाच्या उजेडांत तोलावी. रंगाची पारख आठवणीनें करूं नये. दोन रंग एकाच वेळीं समोर ठेवून करावी.

शेवटीं एका गंभीर प्रसंगाकडे वळतों. नाशिक हें यात्रेचें क्षेत्र. दर बारा वर्षांनीं येथें आणि त्र्यंबकेश्वरीं सिंहस्थ भरतो. 2015 सालच्या सिंहस्थांत गोदेच्या घाटांवर लोटलेली गर्दी आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. अशा गर्दींत हातचें मूल सुटलें, तर आईबापांच्या काळजाचें काय होतें, हें सांगावयास नको. ध्वनिक्षेपकावरून हांक येते, "अमुक नांवाचा मुलगा, अंगांत केशरी सदरा." आणि समोर पाहावें तों साधूंच्या छाट्या, झेंडे, पताका, उपरणीं, सारें केशरी, पिंवळें आणि पांढरें! उत्सवाला शोभेल म्हणून हौसेनें घातलेला सदरा नेमका डोळ्यांनीं वजा केलेल्या रंगाचा निघतो.

यावर आजच्या विषयावरून सुचणाऱ्या दोनतीन सूचना करतों. यात्रेला निघतांना मुलाला तेथील गर्दींत जो रंग क्वचित् असेल तो घालावा. केशरी-पांढऱ्या पसाऱ्यांत पोपटी सदरा चांगला. घरून निघतांना मुलाच्या कपड्यांचा रंग मनांत नोंदवून ठेवावा, म्हणजे घाबरलेल्या वेळीं आठवणीशीं झगडावें लागणार नाहीं. अंधाऱ्या जागेंतून एकदम लखलखीत घाटावर आल्यास, क्षणभर गर्दीकडे स्थिर पाहून नजर बसूं द्यावी आणि मग शोधूं लागावें. हे क्षण वायां जात नाहींत. हांका मारणें आणि पोलिसांना कळविणें हीं कामें मात्र त्यासाठीं थांबवूं नयेत.

आणखी एक गोष्ट. दिवस मावळला कीं डोळ्याचा कारभारच बदलतो. शंकुपेशी मंदावतात आणि दंडपेशी नांवाच्या दुसऱ्या पेशी काम हातीं घेतात. त्यांना लाल प्रकाश फारच थोडा जाणवतो. बोहेमियांतील पुर्किन्ये या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत पाहिलें, कीं उजेड मंद झाला म्हणजे लाल फुलें काळवंडतात, पण निळे-हिरवे रंग त्या मानानें उजळ राहातात. म्हणून दुपारीं डोळ्यांत भरणारा लाल झगा दिवेलागणीला, जेथें प्रकाश अंधुक आहे अशा जागीं, सर्वांआधीं अंधारांत बुडतो. तेथें पांढरा वा फिकट रंगच बरा.

श्रोतेहो, आपण म्हणतों, "मी माझ्या डोळ्यांनीं पाहिलें." जणूं काय डोळा म्हणजे निर्विकार आरसाच! पण डोळा आरसा नव्हे. तो सतत हिशेब करणारा कारकून आहे. रोजचें तें खर्ची टाकून नवें तेवढें तो आपल्यापुढें ठेवतो. तसें तो न करता, तर आजीला खडा सांपडला नसता. पण तो हिशेब करतो हें आपण विसरलों, तर प्रामाणिक बाईची मजुरी कापण्यापर्यंत आपली मजल जाते. तेव्हां कांहीं शोधावयाचें असेल, तर नजर बसूं द्यावी. कांहीं पारखावयाचें असेल, तर बसलेली नजर एकदां उठवून, दुसरीकडे फिरवून, मग पुन्हां आणावी. आणि दोन माणसांचा रंगावरून वाद पडला, तर कोण खोटें बोलतो हें विचारण्यापूर्वीं, त्यापूर्वीं कोण काय पाहात होता, एवढें अवश्य विचारावें.